सोसायटीच्या वाफ्यातून तिसरी आणि सहावीचे गणित

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीतील आपल्या गृहसंकुलाने इमारतीमागची दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद जागा मुलांना बागेसाठी दिली आहे. आपली मुलगी येत्या जूनमध्ये तिसरीत आणि मुलगा सहावीत जाईल. दोघांचेही पाढे पाठ आहेत, पण शाब्दिक उदाहरण समोर आले की ‘यात बेरीज करायची की गुणाकार?’ असा प्रश्न ठरलेला. या जागेचा गणितासाठी काही उपयोग होईल का, आणि होणार असल्यास पाऊस सुरू होण्याआधी कुठून सुरुवात करावी, असे आपण विचारले आहे. ठाणे आणि नवी मुंबईतील शाळांत व गृहसंकुलांत हे काम मी बरीच वर्षे करत आले आहे, त्या आधारावर सविस्तर लिहिते.

उपयोग निश्चित होईल, परंतु एका अटीवर : मुलांनी काढलेल्या आकड्यावर बागेतला एखादा खरा निर्णय अवलंबून असला पाहिजे. ‘जास्वंदीला किती फुले आली ते मोजा’ असे सांगितले तर मूल मोजते आणि विसरते, कारण उत्तर सात आले काय किंवा नऊ आले काय, पुढे काहीच बदलत नाही. ‘या वाफ्यात भेंडीची जेवढी रोपे बसतील त्या हिशेबाने आज रात्री बी भिजत घाला’ असे सांगितले तर मात्र हिशेब चुकल्यावर जागा तरी रिकामी राहते किंवा बी तरी उरते, आणि ती चूक कोणाला लाल शाईने दाखवावी लागत नाही. बेरीज की गुणाकार असे मुले विचारतात ते बहुतेक वेळा क्रिया येत नाही म्हणून नव्हे, तर पुस्तकातील त्या उत्तराची त्यांना स्वतःला काही गरज नसते म्हणून, असे माझे मत आहे. म्हणून प्रत्येक कामात क्रम एकच ठेवावा : आधी अंदाज सांगायचा आणि तो वहीत लिहायचा, मग मोजायचे, मग हिशेब करायचा आणि त्या हिशेबाप्रमाणे हाताने काम करायचे. अंदाज लिहून घेण्याची पायरी गाळू नये. ती गाळली की मोजणे ही निव्वळ आज्ञापालनाची गोष्ट होऊन बसते.

आपल्या भागात हा विचार नवा नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, त्यांच्या सहकारी अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि पुढे हे काम कोसबाडला गेले. ही दोन्ही गावे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत. महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शिंपले अशा भोवतालच्या वस्तूंनी तेथील मुलांचे शिक्षण होत असे. आपल्याला त्याहून अधिक काही आणावे लागणार नाही : एक मोजपट्टी, सुतळीचे बंडल, बांबूच्या चार काठ्या आणि चौकटीची वही पुरेशी आहे.

सुरुवात ऊन मोजण्यापासून करावी, कारण इमारतीमागच्या जागेचा पहिला प्रश्न तोच असतो. भेंडीला रोज निदान सहा तास ऊन लागते. वहीत दहा बाय सहाच्या साठ चौकटी आखून घ्या. एक चौकट म्हणजे जमिनीवरचा एक चौरस फूट. मे महिन्यातील एखाद्या सुटीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता मुलीने ऊन असलेल्या चौकटी रंगवाव्यात आणि साठांपैकी किती भागात ऊन आहे ते सांगावे. निम्मा, पाव, पाऊण हे शब्द तिला तिसरीत शिकायचेच आहेत. मुलासाठी त्याच दिवशी दुसरे काम आहे. एक काठी ओळंब्यात उभी रोवून साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी तिच्या सावलीची लांबी त्याने लिहावी. सर्वांत आखूड सावली बारा वाजता पडेल असा अंदाज बहुतेक मुले करतात, आणि मे महिन्यात ती प्रत्यक्षात १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास पडते. याचे कारण त्याला स्वतःला काढता येते : भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे, आपण सुमारे त्र्याहत्तर अंशांवर आहोत, फरक साडेनऊ अंशांचा, आणि एका अंशाला चार मिनिटे. या गुणाकाराचे उत्तर ३८ मिनिटे येते. उरलेला थोडासा फरक ऋतूप्रमाणे बदलत राहतो. मेच्या मध्याला तर ठाण्या-नवी मुंबईत सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो आणि काठीची सावली तिच्या बुडाशीच राहते. ही मोजणी डिसेंबरमध्ये अवश्य पुन्हा करावी, कारण तेव्हा माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो आणि इमारतीची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकी लांब पडते. इमारत जर बागेच्या दक्षिणेला असेल, तर पावसाळ्याआधी उन्हाने भरलेला वाफा हिवाळ्यात सावलीत जाईल.

त्यानंतर जागेची आखणी करावी. मुलीला एका बाजूकडून हात पुढे करून बसवा आणि ती किती लांबपर्यंत आरामात खुरपू शकते ते मोजा; दीड ते दोन फूट भरेल. मधोमध वाट ठेवून दोन्ही बाजूंना वाफे करायचे ठरले, तर वाफा दोन फुटांहून रुंद ठेवून चालत नाही, कारण पलीकडच्या कडेपर्यंत हात पोचणार नाही. म्हणजे दहा बाय दोनचे दोन वाफे आणि मध्ये दोन फुटांची वाट. वाटेचे क्षेत्रफळ वीस चौरस फूट, म्हणजे एकूण जागेचा एक तृतीयांश भाग. ‘एवढी जागा चालण्यात वाया घालवायची?’ असा विरोध मुले करतात, आणि तो करू द्यावा. वाट एक फुटाची केली तर पन्नास चौरस फूट जमीन हाती येते, पण मग अडीच फुटांच्या वाफ्यात हात पोचतो का, आणि एक फुटाच्या वाटेवर उकिडवे बसता येते का, हे त्यांनी करून पाहावे. क्षेत्रफळ अधिक असणे आणि क्षेत्रफळ कामाचे असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे येथे बोलून दाखवावे लागत नाही.

क्षेत्रफळ आणि परिमिती यांची गल्लत हा प्राथमिक शाळेतला जुनाच विषय आहे. त्यासाठी बारा फूट सुतळीची दोन टोके बांधून तिचे वेगवेगळे आयत जमिनीवर करायला लावावेत. पाच बाय एकमध्ये पाच चौरस फूट, चार बाय दोनमध्ये आठ, तीन बाय तीनमध्ये नऊ. सुतळी तेवढीच, पण आतली जमीन जवळजवळ दुप्पट. येथे शिकवणाऱ्याने एक काळजी घ्यावी : चार बाय चारचा चौरस किंवा सहा बाय तीनचा आयत पहिल्या उदाहरणाला घेऊ नये. चौरसाची परिमिती आणि क्षेत्रफळ दोन्ही सोळा येतात, आयताची दोन्ही अठरा येतात, आणि जी गल्लत काढायची तीच पक्की होते.

आता मातीचा हिशेब, जो मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत आवडतो. आपल्याकडच्या पावसात सपाट वाफ्यात पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून जमिनीपासून सहा इंच उंच गादीवाफा करावा लागतो. ‘किती माती मागवायची?’ हा प्रश्न मुलावर सोपवा. दहा गुणिले दोन गुणिले सहा, एकशे वीस. दोन वाफ्यांचे दोनशे चाळीस घनफूट, असे उत्तर येण्याची शक्यता बरीच आहे. माती आणि रेती आपल्याकडे ब्रासवर विकली जाते, आणि एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. म्हणजे त्याच्या हिशेबाने दोन ब्रासहून अधिक, एक ट्रक भरून माती या साठ चौरस फुटांच्या जागेत यायची. उत्तर चुकले असे आपण म्हणू नये. ‘ट्रक उभा कुठे करायचा?’ एवढेच विचारावे. फूट आणि इंच एकाच गुणाकारात मिसळले गेले हे त्याच्या लक्षात येईल, सहा इंचांचा अर्धा फूट होईल, आणि दोन वाफ्यांची मिळून माती वीस घनफूट, म्हणजे एक पंचमांश ब्रास, असे खरे उत्तर निघेल. एवढी माती कोणी ट्रकने पाठवत नाही, ती गोण्यांनी आणावी लागते. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत साधारण सव्वा घनफूट माती मावते, तेव्हा वीस घनफुटांना किती गोण्या? घरात आजी-आजोबा असतील तर हा प्रश्न त्यांच्याकडे न्यावा, कारण सवायकी, म्हणजे सव्वापटीचा पाढा, पाठ असलेला माणूस ‘सोळा सव्वा वीस’ हे कागदाला हात न लावता सांगतो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे आता शाळेत घेतले जात नाहीत. सगळे पाठ करून घ्यावेत असे मी म्हणणार नाही, पण अपूर्णांकाने गुणणे ही व्यवहारातली रोजची गोष्ट होती, हे मुलांनी एकदा ऐकावे.

खतमाती कालवताना दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट असे प्रमाण घेतले, तर बादलीने मोजा किंवा डब्याने, मिश्रण तेच होते. गुणोत्तरात एककाला महत्त्व नसते, ही सहावीची कल्पना तेथे हाताने कळते. मुलीसाठी जुन्या मापांचा संच मिळाल्यास उत्तम : दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली, दोन अधोल्यांची एक पायली. दर पायरीला दुप्पट किंवा निम्मे. पायलीत चिपटी किती मावतात हे तिने आधी सांगावे आणि मग कोरडी माती ओतून पाहावे. माप नसल्यास पाव, अर्धा आणि एक लिटरच्या बाटल्या कापून घेतल्या तरी काम भागते.

लागवडीच्या वेळी जे गणित समोर येते ते शिष्यवृत्ती परीक्षेत ‘रस्त्याच्या कडेला किती झाडे लागतील’ या रूपात विचारले जाते आणि तेथे हमखास चुकते. दहा फूट म्हणजे सुमारे तीनशे सेंटिमीटर. भेंडीच्या दोन रोपांत तीस सेंटिमीटर अंतर हवे. तीनशे भागिले तीस, उत्तर दहा. पण अगदी कडेपासून सुरुवात करून सुतळीवर खुणा करत गेले तर खुणा अकरा होतात. मुले पुन्हा मोजतात, पुन्हा अकरा. भागाकार चुकलेला नसतो. भागाकाराने अंतरे मोजली आणि बोटाने टोके मोजली, आणि एका रेषेवर टोके नेहमी अंतरांपेक्षा एकाने अधिक असतात. मात्र अगदी कडेला लावलेले रोप माती ढासळून उघडे पडते, म्हणून दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा सेंटिमीटर जागा सोडली की बरोबर दहा रोपे बसतात. गोल अळ्याभोवती झेंडू लावायचा असेल तर पहिले टोक आणि शेवटचे टोक एकच होते, आणि अंतरे व रोपे समान निघतात. ही तिन्ही रूपे एकाच दिवशी न देता आठवडाभराच्या अंतराने द्यावीत, कारण तिन्ही एकत्र दिली तर मुले त्यांचे नियम पाठ करतात.

ओळींत पंचेचाळीस सेंटिमीटर ठेवले तर साठ सेंटिमीटर रुंदीच्या वाफ्यात दोन ओळी बसतात, म्हणजे एका वाफ्यात वीस रोपे. बी किती घ्यायचे हा पुढचा प्रश्न. बियांच्या पाकिटावर उगवणक्षमतेची किमान टक्केवारी छापलेली असते. भेंडीसाठी ती ६५ टक्के असते. येथे सहावीच्या मुलाची आणि बऱ्याच मोठ्यांचीही एक ठरलेली चूक होते. पस्तीस टक्के बी वाया जाणार, मग विसाचे पस्तीस टक्के म्हणजे सात अधिक घेऊ, एकूण सत्तावीस, असा विचार केला जातो. पण सत्तावीसचे पासष्ट टक्के साडेसतराच होतात. टक्केवारी आपल्याला हव्या असलेल्या रोपांवर लागत नाही, पेरलेल्या बियांवर लागते. म्हणून वीस भागिले ०.६५, म्हणजे एकतीस बिया. हे सूत्राने सांगण्यापेक्षा सत्तावीसचा हिशेब त्यालाच उलटा करून पाहायला लावावा.

पाकिटावरचा आकडाही तपासून घेण्यासारखा असतो. वीस बिया ओल्या सुती कापडात गुंडाळून ठेवाव्यात, आठवडाभर कापड ओले राहील असे पाहावे आणि मोड आलेल्या बिया मोजाव्यात. विसांतली प्रत्येक बी पाच टक्क्यांची, त्यामुळे शेकडेवारी तोंडी निघते. मुलीच्या कापडात चौदा आणि मुलाच्या कापडात सतरा असे घडू शकते, आणि मग कोणाचे खरे यावर वाद होतो. दोन्ही खरेच आहे. गृहसंकुलातील आणखी चार मुलांनी त्याच पाकिटातील बी घेऊन हा प्रयोग केला आणि सगळ्यांचे आकडे एकत्र केले, तर उत्तर अधिक भरवशाचे होते. नमुना जितका लहान तितका आकडा डळमळतो, ही संख्याशास्त्रातील कल्पना वयाच्या अकराव्या वर्षी एवढ्यावरून समजते.

शेतकरी एवढे मोजत बसत नाही. तो एका जागी दोन बिया टोकतो आणि दोन्ही उगवल्या तर एक उपटून विरळणी करतो. पासष्ट टक्के उगवण धरली तर एकाच जागच्या दोन्ही बिया न उगवण्याची शक्यता ०.३५ गुणिले ०.३५, म्हणजे सुमारे बारा टक्के. वीस जागांपैकी दोन-तीन रिकाम्या राहतील. म्हणून नांग्या, म्हणजे या रिकाम्या जागा, भरण्यासाठी तीन-चार रोपे कागदी कपांत वेगळी वाढवून ठेवावीत. हा गुणाकार सहावीत समजलाच पाहिजे असा आग्रह नको, पण पंधरा दिवसांनी रिकाम्या जागा मोजून अंदाजाशी ताडून पाहणे मुलांना फार आवडते.

वाढ मोजताना दोन बारकावे सांभाळावेत. बऱ्याच पट्ट्यांवर शून्याची खूण काठापासून थोडी आत असते, आणि मूल पट्टीचा काठ मातीला टेकवते. तसेच पावसाने माती खाली बसते, आणि रोप एका रात्रीत दोन सेंटिमीटर वाढल्याचा भास होतो. रोपाशेजारी एक काठी पक्की रोवून तिच्यावरच्या एका ठरावीक खुणेपासून मोजल्यास दोन्ही अडचणी टळतात. मुलीने रोपाच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापून वहीत तारखेवर उभी चिकटवावी. चार आठवड्यांत तिचा स्तंभालेख आपोआप तयार होतो. मुलाने बिंदू मांडून रेषालेख काढावा. एखादा दिवस मोजायचे राहिले तर आडव्या अक्षावर त्या दिवसाची जागा मोकळी सोडावी, पुढचा बिंदू मागे सरकवू नये. ही चूक मोठ्यांच्या तक्त्यांतही सर्रास दिसते.

पाऊस सुरू झाला की पर्जन्यमापक करावा. सरळ बाजूंची बाटली घ्यावी, वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवावा, आणि बुडाचा खळगा भरेल एवढे पाणी ओतून तेथे शून्याची खूण करावी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढे सूत्र पुरे. आपली जागा साडेपाच चौरस मीटरहून किंचित अधिक आहे. जुलैत एखाद्या दिवशी शंभर मिलिमीटर पाऊस झाला, तर तिच्यावर साडेपाचशे लिटरहून अधिक पाणी पडले. आपल्याकडचा वर्षाचा पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आगेमागे असतो; तो पूर्ण हिशेब मुलाला करू द्या. कुंड्यांखालच्या ताटल्यांतील पाणी मात्र आठवड्यातून एका ठरलेल्या वारी ओतून टाकावे, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात.

सममितीसाठी एकेरी तगरीचे फूल पाहावे : एक पंचमांश वळसा, म्हणजे बहात्तर अंश फिरवले की ते पुन्हा तसेच दिसते, पण पाकळ्या एकाच दिशेला वळलेल्या असल्यामुळे आरसा कसाही धरला तरी दोन सारखे अर्धे भाग होत नाहीत. जास्वंद आणि तुळशीचे पान यांच्याशी तुलना करून मुलांना हा फरक शोधू द्यावा. फुलांतील पाकळ्या आणि फिबोनाची श्रेणी (१, १, २, ३, ५, ८ अशी, प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज) यांच्याविषयी बरेच काही फिरत असते; सूर्यफुलाच्या बियांचे आणि अननसाच्या डोळ्यांचे पीळ मोजणे आनंददायक आहे, पण प्रत्येक फुलात ती श्रेणी असतेच असे मुलांना सांगू नये. चार पाकळ्यांचे मोहरीचे फूल ते विधान लगेच खोटे पाडते.

बागेने काय साधत नाही, तेही स्पष्ट सांगते. पाढ्यांचा वेग, लांब भागाकाराची सवय आणि सहावीतील ऋण संख्या यांसाठी वही घेऊन बसावेच लागते. आठवड्यातून एक तास बागेत आणि त्याच दिवशी पंधरा मिनिटे लिखाण, एवढे प्रमाण मला योग्य वाटते. लिखाण दुसऱ्या दिवशीवर ढकलले की हातात केवळ मातीची आठवण राहते. पालकांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये, आणि सुतळीवर खुणा चालू असताना गटावर टाकण्यासाठी छायाचित्राकरिता मुलांना थांबवूही नये; मोजणी तेथेच चुकते.

मुलांना कितपत समजले हे पाहायचे असेल तर बागेतलेच उदाहरण पुन्हा विचारू नका. दिवाळीत गॅलरीचा तीन मीटरचा कठडा दाखवा आणि पंचवीस सेंटिमीटर अंतराने पणत्या ठेवायच्या तर किती आणाव्यात, असे विचारा. झटकन ‘बारा’ आले तर सुतळी पुन्हा काढावी लागेल. ‘दोन्ही टोकांना ठेवायच्या का?’ असा उलट प्रश्न आला, तर उत्तराची वाट न पाहता तेरा पणत्या आणायला पाठवा.